बायसेपमधला 'स' काढू नका

आज परळला पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगाच्या जर्नल्स तपासताना लाल पेन सर्वांत जास्त चाललं ते लॅटिनवर.

'बायसेप' असा स्नायू नाही. तो एकच असला तरी बायसेप्सच. 'बाय' म्हणजे दोन, 'सेप्स' आलं ते 'कापुट' म्हणजे डोकं यावरून. दोन डोक्यांचा, म्हणजे वर दोन ठिकाणी उगम असलेला स्नायू. शेवटचा 'स' इंग्रजी अनेकवचनाचा नाही. (दादरच्या जिममध्ये कुणी 'बायसेप' म्हटलं तर म्हणू दे, जर्नलमध्ये नको.)

खरा घोळ प्रयोगाच्या वर्णनात होतो. बेडकाचं हृदय छाती उघडून जागच्या जागी ठेवून नोंद घेतली तर 'इन सिटू'. तेच काढून रिंगर द्रावणात (शरीरातल्या द्रवासारख्या क्षारांच्या पाण्यात) धडधडत ठेवलं तर 'एक्स व्हिवो', म्हणजे जिवंत शरीराबाहेर. पेशी काचेच्या बशीत वाढवल्या तर 'इन व्हिट्रो', व्हिट्रम म्हणजे काच. इथे शब्द चुकला की निष्कर्षही चुकतो: काढलेल्या हृदयावर व्हेगस नर्व्हचा, म्हणजे हृदयाचा वेग आवरणाऱ्या मज्जातंतूचा, ताबा उरत नाही, त्यामुळे त्याचा वेग जिवंत प्राण्यातला वेग म्हणून मांडता येत नाही.

संदर्भात पहिल्या लेखकाच्या नावापुढे 'आणि इतर' या अर्थी येणाऱ्या 'एट अल.' मध्ये टिंब फक्त 'अल'नंतर, कारण 'आलिई'चं (इतर) ते संक्षिप्त रूप आहे. 'एट' (आणि) पूर्ण शब्द आहे.

आणि 'ओ.डी.' तर जपूनच. औषधाच्या चिठ्ठीत दिवसातून एकदा, डोळ्यांच्या कागदावर 'ऑक्युलस डेक्स्टर', उजवा डोळा. थेंबांच्या चिठ्ठीवर दोन्ही अर्थ लागू शकतात. तिथे सरळ 'उजव्या डोळ्यात, दिवसातून एकदा' असं पूर्ण लिहा.