सुई टोचली आणि मग २८ दिवस गोळ्या – माझा अनुभव

मी पुण्यात कोथरूड, कर्वेनगरात घरोघरी जाऊन ब्लड कलेक्शन करते. गेल्या पावसाळ्यात एका आजोबांचं रक्त घेतलं आणि सुईला टोपण लावताना (लावायचं नसतं, माहीत असून सवयीने लावलं) ती ग्लोव्हजमधून अंगठ्यात घुसली. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुतलं, दाबून रक्त काढायचं नाही एवढं आठवलं.

एचआयव्हीची भीती वाटली म्हणून जवळच्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात गेले तर डॉक्टर म्हणाले, चांगल्या घरातले पेशंट आहेत, टीटी घे आणि जा. याचा मला अजून राग येतो. देशात मोठ्या माणसांत एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे हे खरं, पण कमी आहे म्हणून कुणी टेस्टच करत नाही, ज्याला आहे त्यालाही पत्ता नसतो, मग घर बघून काय कळणार?

मैत्रीण नर्स आहे, ती म्हणाली पेप (एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून सुई टोचल्यावर घ्यायच्या गोळ्या) ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं, जितकं लवकर तितकं बरं, उठ आणि सरकारी ससून हॉस्पिटलला जा. रात्रीच कॅज्युअल्टीत पहिली गोळी मिळाली. मग आयसीटीसीतल्या (सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रातल्या) ताईंनी नीट बसवून सांगितलं की पॉझिटिव्ह माणसाची सुई टोचली तरी हजारात साधारण ३ जणांनाच लागण होते, गोळ्यांनी ते अजून खूप कमी होतं. तेव्हा कुठे मी रडले. माझी टेस्ट झाली, कावीळ बीची पण. आजोबांची टेस्ट त्यांच्या संमतीनेच करता येते, २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात तसं आहे, आणि विचारलं तर मुलगा भडकला, आमच्याकडे असलं काही नसतं म्हणे. आजोबाही नको म्हणाले. मग पूर्ण कोर्स.

रोज एक गोळी. पहिला आठवडा मळमळ, झोप नाही. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घ्यायची नाही हे ताईंनी विचारून सांगितलं म्हणून कळलं. नवऱ्याला पहिल्या रात्रीच सांगितलं, कंडोम वापरायचा, रक्तदान नाही. सासूबाईंना गोळ्यांची बाटली दिसली, त्यांनाही खरं सांगितलं, त्या रोज नऊला पाणी घेऊन यायच्या.

सहा आठवड्यांनी निगेटिव्ह, तीन महिन्यांनीही. आता सुई टोपण न लावता सरळ बॅगेतल्या पांढऱ्या डब्यात जाते, आणि नवीन मुलींना पहिल्या दिवशी मी तो डबा आणि एड्स हेल्पलाइनचा १०९७ नंबर देते.