गुरू उकळायलाय!

काल गच्चीवर दुर्बिणीला डोळा लावलेल्या आजी म्हणाल्या, "काय ओ सर, हे उकळायलंय की!" सगळे हसले. पण त्यांचं निरीक्षण बरोबर होतं.

गुरूचे पट्टे दिसतच नव्हते. दोष लेन्सचा नाही, उन्हाळ्याचा. ६ इंची न्यूटोनियनचा, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीचा, आरसा म्हणजे जाड काच. बंद खोलीत दिवसभर तापली की तासभर तरी निवत नाही. तिच्यावर गरम हवा तरंगत राहते. २५ मिमी आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला), म्हणजे ४८ पटीला ते खपून जातं. १० मिमी लावला, १२० पट झाली, की ग्रह थरथरायला लागतो. (आरशाचं नाभीय अंतर १२०० मिमी धरलंय; त्याला आयपीसच्या मिमीनं भागलं की पट.)

ओळखायचं कसं? ठळक तारा फोकसबाहेर काढा, म्हणजे त्याची चकती दिसेल. चकतीवर धुरासारखे लोट सावकाश सरकले तर आरसा गरम आहे. सगळी चकती भराभर लहरली तर दोष वरच्या हवेचा, तिथं इलाज नाही.

दुर्बीण ऊन उतरल्यावर सावलीत बाहेर काढा, झाकण उघडून. आरशामागे कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा लावला तर काम लवकर होतं. आणि स्लॅब टाळा. सोलापुरात एप्रिलमध्ये तो रात्रीही बराच वेळ तापलेला असतो. मातीचं मैदान कितीतरी बरं.

आपण मात्र लोकांना आकाशदर्शनाला बोलावतो सातला, ऐन तापल्या स्लॅबवर. नऊनंतर बोलावलं तर येतील का, ओ?