रुपयाला एक गोळी: आमची वाटचाल

आमच्या गावच्या वेशीत एका आजीचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराच्या ओट्यावर टाकलेली फळी आणि फळीवर पत्र्याच्या झाकणाच्या सहा बरण्या. संत्र्याच्या फोडीसारख्या लिमलेटच्या गोळ्या, रंगीत बडीशेप, बोरकूट, रावळगाव. पाच पैशाचं चौकोनी नाणं आणि दहा पैशाचं नागमोडी काठाचं, दोन्ही इतकी हलकी की चड्डीच्या खिशात आहे की पडलं, हे सारखं चाचपावं लागायचं. बाया-माणसं मीठ-तेलासाठी खोळंबलेली असली तरी आजी लेकरालाच आधी विचारायची. "नीट बघ रं बाळा, मग घे." आणि खरंच बघू द्यायची. मी एकेका बरणीपुढं उभा राहायचो, शेवटी नेहमीची लिमलेटच घ्यायचो, पण ती कधी "चल, आटप" म्हणाली नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमचं गाव औसा तालुक्यातलं. आजी वाचली, दुकान दगडमातीखाली गेलं. पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आल्यावर कितीतरी महिने तिच्याकडं विकायला काहीच नव्हतं. मग फाल्गुनात चिंच उतरली. तिनं चिंच, गूळ, जिरं आणि काळं मीठ कुटून गोळ्या वळल्या, पितळेच्या डब्यात भरल्या आणि शेडच्या दारात येऊन बसली. मी तेव्हा दहावीत होतो, गोळ्या खायचं वय सरलं होतं, तरी चार आणे घेऊन गेलो. ती चव अजून जिभेवर आहे. माझी माय तिच्या हाताखाली बसून ते प्रमाण शिकली. कागदावर आमच्या धंद्याची सुरुवात 2007 ची आहे, पण मी ती त्या डब्यापासून धरतो.

2007 ला लातुरात भाड्याची एक खोली घेतली. एक कढई, गॅसची शेगडी, माय, बायको आणि मी. मोंढ्यातून बोटूक, म्हणजे चिंचोके न काढलेली चिंच आणायची, फोडायची, चिंचोके आणि शिरा काढायच्या, भिजवून कोळ गाळायचा आणि गुळाबरोबर मंद आचेवर आटवायचा. कढईची कड सोडून गोळा फिरायला लागला की उतरवायचा. गार झाल्यावर वळायचा, पिठीसाखरेत घोळवायचा, कागदाला दोन्हीकडून पीळ द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्याच पावसाळ्यात चाळीस किलो माल परत आला. गूळ आणि मीठ दोन्ही हवेतली ओल ओढतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. गोळ्यांना पाणी सुटलं, कागद आतून चिकटले. एका दुकानदारानं बरणी माझ्यापुढं उपडी केली तर आख्खा एकच गोळा बाहेर आला. सगळा माल टाकून दिला. मायनं त्या रात्री जेवण केलं नाही. त्यानंतर आम्ही कोळ जास्त आटवू लागलो, पावसाळ्याचा माल उन्हाळ्यातच वळून घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवू लागलो. गूळही बदलला. चिक्कीचा गूळ चिंचेला चालत नाही, गोळी दगड होते.

आमची गोळी तेव्हा आठ आण्याला होती. 30 जून 2011 ला चार आणे चलनातून गेले. आठ आणे बंद झालेले नाहीत, कायद्यानं आजही चालतात, पण दुकानदार हातात घेईनात. गोळी रुपयाची करावी लागली. तेवढीच गोळी दुप्पट पैशाला विकायचं मनाला पटेना, म्हणून गोळीच मोठी केली. नफा कमी झाला, हा निर्णय मी आजही बदलणार नाही.

2016 चा उन्हाळा लातूरकरांना सांगायला नको. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. गल्लीतल्या बाया रात्री दोनला घागरी घेऊन रांगेत, आणि आपण टँकर घेऊन चिंच भिजवायची? कढई बंद ठेवली. पण फोडणीला, म्हणजे चिंच फोडायला, पाणी लागत नाही. कामावरच्या अकरा बायांना फोडणीचं काम चालू ठेवलं, दुसऱ्या व्यापाऱ्यांची चिंचही फोडून दिली. अडीच महिने गोळी निघाली नाही, पण एकीचाही रोज बुडाला नाही. त्यातल्या सात जणी आजही आमच्याकडं आहेत. कुठल्या झाडाची चिंच जास्त आंबट, हे त्या नुसत्या वासावर सांगतात. 2024 ला आमच्या जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांनीच पेढे वाटले.

अलीकडं वेगळीच अडचण आली. पूर्वी दुकानदार सुट्ट्या पैशाच्या बदली गोळी द्यायचे आणि आमचा बराच माल त्यावर खपायचा. आता मोबाईलवर पैसे देतात, सुट्ट्याचा प्रश्नच येत नाही. वितरक म्हणाले, बरणी बंद करा, दहा रुपयांचं पाकीट काढा. पाकीट काढलं, चालतंही चांगलं. पण बरणी बंद केली नाही. पाकीट आई-बाप घेऊन देतात. रुपया मुठीत धरून लेकरू एकटं येतं ते बरणीपाशीच. म्हणून शाळेजवळच्या प्रत्येक नव्या दुकानाला आम्ही पत्र्याच्या झाकणाची काचेची बरणी फुकट देतो. अट एकच, ती लेकराच्या नजरेच्या उंचीवर ठेवायची. गल्ल्याच्या वर मांडलेली दिसली तर मी स्वतः खाली काढून ठेवतो.

यंदा झाडं लदलेली आहेत. मोंढ्यात नवी बोटूक यायला लागली आहे. सोमवारपासून फोडणी सुरू.