पंप चालतो, पण पाणी उचलत नाही

घाट चढून वर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मुक्कामाची जागा म्हणजे डोंगराच्या खांद्यावरचा खडीचा पट्टा. समोर खोल दरी, मागे कडा आणि बोचरा वारा. दाजींनी मोटारहोमचं, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घराचं, तोंड दरीकडे, चढावर ठेवलं, कारण खिडकीतून दिसणारं दृश्य ताईला हवं होतं. इंजिन बंद झालं, सगळे खाली उतरले, आणि पाचच मिनिटांत आतून ताईची हाक आली.

"अरे, नळाला पाणी नाही. नुसता वारा येतोय!"

खरंच, नळ फुसफुसायचा, मध्येच पाण्याची पिचकारी मारायचा, की परत वारा. बाकाखाली पंप मात्र अखंड घरघरत होता.

"टाकी संपली असेल," दाजी म्हणाले. दिव्यांच्या पट्टीवर तर दोन तृतीयांश पाणी दिसत होतं. त्या दिव्यांचा मला फारसा भरवसा नाही. टाकीच्या भिंतीत ठरावीक उंचीवर धातूचे खिळे बसवलेले असतात, पाणी खिळ्याला टेकलं की तो दिवा लागतो, एवढीच ती यंत्रणा. मधलं काही तिला कळत नाही, आणि भिंतीवर क्षारांचा ओलसर थर बसला की रिकामी टाकीसुद्धा भरलेली दिसते. म्हणून बाकाची फळी काढली आणि टाकीच्या मागे टॉर्चचा झोत धरला. टाकी पांढऱ्या, अर्धपारदर्शक प्लास्टिकची असली की आतल्या पाण्याची रेघ स्वच्छ दिसते.

पाणी होतं, पण दिव्यांनी सांगितलं त्याहून बरंच कमी, आणि तेही सगळं मागच्या बाजूला. आमच्या टाकीतून पंपाकडे जाणारी नळी पुढच्या कोपऱ्यातून निघते. गाडीचं नाक वर, म्हणजे ते तोंड कोरडं. दृश्याचा मोह बाजूला ठेवून मागची चाकं ठोकळ्यांवर चढवली आणि गाडी सपाटीला आणली. पाणी लगेच आलं. ताईने टाळ्या वाजवल्या.

जरा घाईच झाली. धार येत होती, पण मधूनमधून थुंकत होती. नळ बंद केल्यावरही पंप थांबेना. आणि आवाज हलका होता. हा पंप पाण्याने भरलेला असताना जड, सलग आवाज करतो, हवा ओढायला लागला की सुटल्यासारखा पळतो. विहिरीवरच्या मोटारीशेजारी उभं राहिलेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही: पंप हवा धरत होता.

हे १२ व्होल्टचे पंप डायफ्रॅमचे असतात. आतला रबरी पडदा मागेपुढे होतो, छोट्या रबरी झडपा उघडमीट करतात आणि पाणी पुढे ढकललं जातं. पंपाच्या डोक्यावर प्रेशर स्विच असतो. नळ बंद असताना पाइपातला दाब वाढत जातो आणि साधारण ५० पीएसआयच्या आसपास पोचला की स्विच पंप बंद करतो. नळ उघडला, दाब पडला, की पुन्हा चालू. पंप थांबतच नसेल तर दाब त्या आकड्यापर्यंत पोचत नाहीये, इतकं नक्की.

का पोचत नाहीये, हे शोधताना मी सगळी पाइपलाइन दोन भागांत बघतो. पंपाच्या पुढचा भाग दाबाखाली असतो, तिथे गळती असली तर पाणी बाहेर ठिबकतं आणि हाताला लागतं. टाकी ते पंप हा भाग मात्र ओढीखाली असतो. तिथे फट असली तर पंप चालू असताना पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. त्यामुळे टॉर्च घेऊन ओल शोधणारा माणूस त्या फटीवरून हात फिरवून पुढे निघून जातो. मला विचाराल तर या बिघाडांत सगळ्यात जास्त वेळ याच्यात वाया जातो.

दाजींचा संशय विजेवर होता. तेही तपासलं. बॅटरीवर व्होल्टेज मोजून उपयोग नसतो, पंप चालू असताना थेट त्याच्या टोकांवर मोजायचं. १२ च्या जवळपास आकडा आला, म्हणजे वायर आणि अर्थिंग ठीक. (पंप मुळात सुरूच होत नसता तर फ्यूज, स्विच, अर्थिंग आणि मग प्रेशर स्विच या क्रमाने गेलो असतो.) पंपाजवळ तीन तोंडांचा एक व्हॉल्व्हही असतो, हिवाळ्यात पाइपांमध्ये गोठणरोधक द्रव बाटलीतून ओढून घेण्यासाठी. तो चुकून फिरला असेल तर पंप टाकीऐवजी मोकळी हवाच ओढत बसतो. आमचा जागेवर होता.

मग बादली काढली. पंपाच्या अलीकडे एक छोटा पारदर्शक स्ट्रेनर असतो, टाकीतला कचरा पंपाच्या झडपांत जाऊ नये म्हणून. तो सोडवला, पंपाच्या तोंडाला नळीचा तुकडा लावला आणि दुसरं टोक पाण्याच्या बादलीत सोडलं. पंपाने एका दमात पाणी उचललं, आवाज जड झाला, आणि नळ बंद करताच तो टक् करून थांबला.

"म्हणजे पंप निर्दोष," दाजी म्हणाले.

"आणि पुढची लाइनही," मी म्हटलं. आता स्ट्रेनर परत बसवून तीच नळी त्याच्या अलीकडे लावली. पुन्हा थुंकणं सुरू. चोर सापडला.

स्ट्रेनरची वाटी उघडली तर जाळीवर पांढऱ्या प्लास्टिकचे बारीक काप. टाकीला भोकं पाडताना पडलेला हा किस आतच राहतो आणि खडबडीत रस्त्यावर गदगदून हळूहळू बाहेर येतो. ते धुऊन टाकलं, पण खरं कारण वाटीच्या तळाशी होतं: केसाएवढी चीर. आदल्या मुक्कामी पहाटे गाडीच्या काचेवर बर्फ धरलं होतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्क्यांनी फुगतं, आणि बाहेरच्या पत्र्याला लागून असलेल्या वाटीतल्या पाण्याला फुगायला जागा नव्हती.

वर डोंगरात सुटी वाटी कुठून आणणार? स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप होती. वाटी कोरडी करून ताणून तिचे वेढे दिले. ओढीच्या बाजूला ही टेप चांगली काम करते, कारण पंप तिला चिरेवर आणखी घट्ट ओढून धरतो. दाजी टेफ्लॉन टेप शोधत होते, त्यांना थांबवलं. या प्लास्टिकच्या जोडांत वायसर असतं, ते हातानेच आवळायचं. पान्हा लावला की आटा गेलाच.

पंप थांबला. रात्री मात्र सगळे नळ बंद असताना तो अधूनमधून सेकंदभर वाजून गप्प व्हायचा. ताई वैतागली. असं होतं तेव्हा दोनच शक्यता: पुढे कुठेतरी थेंब गळतोय, किंवा पंपातला एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, पाणी मागे टाकीत सोडतोय. सगळ्या जोडांखाली कागदी रुमाल ठेवले, संडासाचा व्हॉल्व्ह आणि गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्हही बघितला. सगळं कोरडं. मग मागच्या मुक्कामावरची गोष्ट आठवली. तिथे बाहेरच्या नळाची नळी थेट गाडीला जोडली होती आणि कोणी टाकी भरत नसताना तिच्या ओव्हरफ्लोतून पाणी वाहत होतं. बाहेरचं दाबाचं पाणी पंपातून उलटं टाकीत जात होतं. म्हणजे एनआरव्हीच. रात्री पंपाचा स्विच बंद ठेवणं, तूर्तास एवढाच उपाय.

दुसऱ्या दिवशी उतरून नदीकाठी आलो. तिथे टाकी भरताना पाणी तोंडातून उलटं उसळायला लागलं. टाकीची हवा बाहेर सोडणारी बारीक नळी सामानाखाली दुमडली होती. तशीच राहिली असती तर पंप पाणी ओढताना आत पोकळी होऊन टाकीच्या भिंती आत खेचल्या गेल्या असत्या. सामान सरकवलं, मोकळी केली.

एवढी जोडणी उघडली होती म्हणून मुक्काम वाढवून टाकी निर्जंतुक केली. बिनवासाचं साधं ५-६ टक्क्यांचं ब्लीच, लिटरमागे अंदाजे १ मिलि, आधी पाण्यात मिसळून मग टाकीत. कार्बन फिल्टर आधी काढला, नाहीतर तोच सगळं क्लोरीन गिळतो. प्रत्येक नळाला, गरम-थंड दोन्हीला, वास येईपर्यंत पाणी सोडलं, चार तास तसंच ठेवलं, मग सगळं ओतून वास जाईपर्यंत धुतलं.

पुढच्या शहरात नवा स्ट्रेनर मिळाला. एनआरव्हीसाठी पंपाचं पुढचं डोकं मागवलंय. ते येईपर्यंत झोपण्याआधी पंप बंद करायचं काम दाजींकडे आहे, आणि मध्यरात्री कोणी नळ उघडला की तो चालू करायला उठायचंही.