लीड गिटारचा वेग अडतो तो तार बदलताना: माझा अनुभव

‘मेट्रोनोम लाव, हळू वाजव, रोज पाच-पाचने वाढवत जा.’ लीड गिटारवर वेग कसा आणायचा, हे कुणालाही विचारा, उत्तर हेच. क्लासमध्ये हेच, बँडमधल्या मित्रांकडूनही हेच. या सल्ल्याचा मला अजून राग येतो, कारण तो अर्धाच आहे. हळू वाजवताना चालून जाणारी हालचाल वेगात चालतेच असं नाही. भलतीच हालचाल मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत घोटत राहिलं तर तीच हातात पक्की बसते, आणि पुढे एका आकड्यावर सगळं ठप्प होतं. माझा आकडा होता ११०. एका ठोक्याला चार स्वर, म्हणजे सेकंदाला सात स्वरांच्या थोडं वर. त्यापुढे गेलं की हात आखडायचा, पिक (तार छेडायची चकती) तारेत अडकायचं आणि स्वर गळायचे. मेट्रोनोम १०५ वर आणून पुन्हा चढलं तरी गाडी ११० लाच थांबायची.

अशा वेळी सगळे सांगतात, अजून सराव कर. मी सांगेन, आधी नेमकं कुठे अडतंय ते शोधा. त्यासाठी चार चाचण्या पुरतात, आणि चारही १४० च्या लयीत घ्यायच्या. पहिली, उजव्या हाताची: डाव्या हाताने तारा दाबून बंद करा आणि तिसऱ्या तारेवर (सगळ्यात बारीक तार पहिली, सगळ्यात जाड सहावी) नुसतं खाली-वर पिक चालवा. दुसरी, डाव्या हाताची: पिक बाजूला ठेवून एकाच तारेवर ५-७-८ फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांनी पडलेली घरं) हॅमर-ऑन, पुल-ऑफने वाजवा, म्हणजे पिक न मारता बोट तारेवर आपटून आणि ओढून सोडून. तिसरी, दोन्ही हात मिळून, पण एकाच तारेवर. चौथी, तोच आकार दोन तारांवर. पहिल्या तीन जमतात आणि चौथी कोसळते, असं असेल तर बोटांचे व्यायाम करून काही उपयोग नाही. दुखणं तार बदलण्यात आहे. मध्यम पातळीवर अडकलेले जे वादक मी पाहिलेत, त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं हेच होतं आणि ते बिचारे करंगळीचा व्यायाम करत बसलेले होते.

पहिलीच चाचणी जमत नसेल, दहा-पंधरा सेकंदांत कोपराखालचा स्नायू भरून येत असेल, तर प्रत्येक स्ट्रोकनंतर पिक तारेपासून उचललं जातंय. खाली मारलं की उचल, वर मारलं की उचल. ही उडी मनगटाला दुप्पट काम देते. इथे मेट्रोनोम बंद करा. अंग खाजवताना हात जसा सैल आणि आपोआप चालतो, तसा तारेवर चालवून बघा. आवाज गचाळ येऊ दे, मोजू नका. आधी सैल आणि वेगवान हालचाल सापडू दे, नेमकेपणा मागून येतो.

आता मुख्य अडचण. जी मेजर स्केल एका तारेवर तीन स्वर या पद्धतीने घ्या: सहाव्या तारेवर ३-५-७, पाचवीवर ३-५-७, चौथीवर ४-५-७. कडक अल्टरनेट पिकिंग, म्हणजे खाली-वर-खाली, पुढच्या तारेवर वर-खाली-वर. सहाव्या तारेवरचा तिसरा स्ट्रोक खाली जातो आणि पिक सहावी-पाचवीच्या मधल्या फटीत उतरतं. पुढचा स्वर पाचवीवर अपस्ट्रोकने हवा, म्हणजे पिक पाचवीच्या पलीकडे, चौथीच्या बाजूला पोचायला हवं. वाटेत पाचवी तार आडवी. ती ओलांडली, पाचवीवर तीन स्वर वाजवले, शेवटचा अपस्ट्रोक झाला, की पिक पुन्हा त्याच फटीत येतं. आता चौथीवर डाउनस्ट्रोक मारायला ते पाचवी-चौथीच्या फटीत हवं. पुन्हा पाचवी आडवी. म्हणजे प्रत्येक तारबदलाला एक तार ओलांडायची, एकदा डाउनस्ट्रोकनंतर आणि एकदा अपस्ट्रोकनंतर.

लय ६० असताना दोन स्वरांमध्ये पाव सेकंद मिळतो. तेवढ्यात मनगट उचलून पिक पलीकडे टाकता येतं, ऐकणाऱ्याला कळतही नाही. १२० ला तो वेळ निम्मा होतो आणि ती उडी मारायला जागाच उरत नाही. ‘हळू वाजव’ हा सल्ला इथे फसवतो: हळू वाजवताना उडी चालते, म्हणून आपण इमानेइतबारे उडीच घोटत राहतो.

सुटका पिकच्या कलात आहे. पिक तारांना अगदी काटकोनात धरलं तर ते दोन्ही बाजूंनी फटीतच राहतं. बोटांत धरलेला भाग जमिनीकडे किंचित कलवला तर अपस्ट्रोकच्या शेवटी टोक आपोआप तारांच्या वर, हवेत येतं. तिथून कुठल्याही तारेवर जाता येतं, उडी लागत नाही. डाउनस्ट्रोक मात्र फटीत जातो. उलटा कल, म्हणजे धरलेला भाग छताकडे, ठेवला तर डाउनस्ट्रोक मोकळा सुटतो आणि अपस्ट्रोक फटीत अडकतो. कल थोडाच हवा. लांबून दिसण्याइतका कलवला तर स्वर पातळ होतो.

हे हाताला पटवायला ए मायनर पेंटाटॉनिक या पाच स्वरांच्या स्केलचा पाचव्या फ्रेटवरचा आकार घ्या आणि उतरत या: पहिल्या तारेवर ८-५, दुसरीवर ८-५, तिसरीवर ७-५. सुरुवात डाउनस्ट्रोकने, पिक जमिनीकडे कललेलं. दर तारेवर खाली-वर, आणि दर वेळी तार सुटते ती अपस्ट्रोकवर. आता तोच आकार, तोच कल, पण सुरुवात अपस्ट्रोकने करा. दोन तारांच्या आत पिक अडकेल. डाव्या हाताचं काम तसूभरही बदललेलं नाही, तरी वेग कोसळतो. हा प्रयोग केल्यावर ‘बोटं कमकुवत आहेत’ ही समजूत जाते ती कायमची.

म्हणजे तारेवरच्या पिक मारलेल्या स्वरांची संख्या सम ठेवली की अर्धी लढाई जिंकली. एका तारेवर तीन स्वर असतील तर पहिले दोन खाली-वर मारा आणि तिसरा हॅमर-ऑनने काढा, उतरताना तिसरा पुल-ऑफने. पुढची तार पुन्हा डाउनस्ट्रोकनेच सुरू होते. चढताना दुसराही मार्ग आहे: खाली-वर-खाली मारून तोच डाउनस्ट्रोक पुढच्या तारेवर ओढत न्यायचा. हे इकॉनॉमी पिकिंग. स्वीडिश गिटारवादक इंग्वे माल्मस्टीनच्या वादनात चढताना असं ओढणं आणि उतरताना पुल-ऑफ घालून अपस्ट्रोकवर तार सोडणं, दोन्ही सापडतं. ऑस्ट्रेलियाचा गिटारवादक फ्रँक गंबाले तर स्वीप पिकिंगसाठीच, म्हणजे एकाच दिशेने पिक ओढत तारा ओलांडण्यासाठीच, ओळखला जातो. प्रत्येक स्वर पिकनेच हवा आणि तोही अल्टरनेट, असा हट्ट असेल तर तारेवरच्या शेवटच्या स्ट्रोकला कोपराखालचा हात किंचित फिरवून कल बदलावा लागतो. ते जमतं, पण एका कलावर हात पक्का झाल्यावरच त्याच्या मागे लागा.

मग सराव कसा करायचा? छोट्या झेपांनी. मेट्रोनोम १४० वर लावा. एका ठोक्यात चार स्वर आणि पुढच्या ठोक्यावर पाचवा स्वर वाजवून थांबा. दोन ठोके विश्रांती, मग पुन्हा. पाच स्वरांत हात आखडायला वेळच मिळत नाही. हे सहज झालं की दोन ठोक्यांचे आठ आणि वर एक. या झेपेत तारबदल मुद्दाम मधोमध ठेवा: दोन स्वर दुसऱ्या तारेवर, दोन तिसऱ्या तारेवर, शेवटचा पुन्हा दुसऱ्या तारेवर. पूर्ण स्केल वर-खाली शंभरदा वाजवण्यापेक्षा हा सांधा पाच मिनिटं घोटलेला मला जास्त फळला. वेगात सापडलेली हालचाल, कल आणि पिक तारेत किती खोल जातं ते जसंच्या तसं ठेवून मग लय ८० वर उतरवायची. हळू वाजवण्याची खरी जागा ही. आणि आकडे शिडीसारखे चढवू नका. १४०, मग ९०, मग १५०, मग १०० असं वाजवा, म्हणजे हात एका आकड्याला घाबरत नाही.

पिकच्या खोलीचं राहिलंच. पिकचं टोक तारेच्या खाली एक-दीड मिलिमीटर जावं, त्याहून जास्त नाही. टोक मोठं बाहेर ठेवून धरलं तर कल कितीही अचूक असला तरी अडकणारच. पातळ, लवचीक पिक वेगात मागे राहतं. १ मिलिमीटरपासून पुढचं घ्या. मला १.३८ मिलिमीटरचं छोटं, टोकदार डनलॉप जॅझ थ्री चालतं. टोक झिजून गोल झालं की बदलून टाका.

दोन हातांचा मेळ बिघडतो तेव्हा आवाजावरून ओळखता येतं. पिक आधी आणि बोट मागून पोचलं तर ‘ठक्’ असा मेलेला स्वर येतो. बोट आधी पोचलं तर पिकच्या आधी हॅमर-ऑनचा पुसटसा स्वर ऐकू येतो. दर तारेवरच्या पहिल्या स्वराला जोर दिला की दोन्ही हात तिथे एकमेकांना गाठतात आणि मधले स्वर रांगेत येतात. हे तपासायचं ते क्लीन टोनवर, म्हणजे आवाज फाडणारं डिस्टॉर्शन बंद ठेवून. डिस्टॉर्शन कमी-जास्त जोर सपाट करून टाकतं, म्हणून त्यात आपण आहोत त्यापेक्षा बरे वाटतो. म्यूटिंग, म्हणजे न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवणं, तपासायचं मात्र डिस्टॉर्शन चढवूनच, कारण मोकळ्या तारांची गुणगुण तिथेच उघडी पडते. जाड तारांवर उजव्या तळहाताची कड टेकवा, बारीक तारांवर डाव्या तर्जनीचा सपाट भाग हलका ठेवा. डिले, रिव्हर्ब हे प्रतिध्वनीचे इफेक्ट सरावात बंद.

डावं बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून, किंचित मागे टेकवा आणि स्वर स्वच्छ येईल इतकंच दाबा. आधी नुसतं टेकवून खरखर येऊ द्या, मग हळूहळू दाब वाढवा. स्वर स्वच्छ यायला लागतो तो दाब आपल्या समजुतीपेक्षा बराच कमी असतो.

एवढं करूनही पिक कुठे अडतंय ते कळत नसेल तर फोन ब्रिजच्या (तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या) बाजूला, तारांच्या रेषेत ठेवा आणि स्लो मोशनमध्ये चित्रण करा. सेकंदाला २४० फ्रेम मिळाल्या तर उत्तम. अपस्ट्रोकनंतर टोक तारांच्या वर दिसतंय की फटीत, एवढंच बघायचं.

वाद्यही तपासा. बाराव्या फ्रेटवर पहिली तार दीड आणि सहावी दोन मिलिमीटरच्या आसपास उंच असेल तर पुरे, तारांचा संच ९-४२ किंवा १०-४६ (जाडी इंचाच्या हजारांश भागांत). आपल्याकडे पावसाळ्यात दमटपणाने गिटारची मान पुढे वाकू शकते, मग तारा उंच होतात आणि जूनमध्ये सहज वाजणारं ऑगस्टमध्ये जड लागतं. तेव्हा हाताला दोष देण्याआधी ट्रस रॉड (मानेचा वाक कमी-जास्त करणारी आतली सळई) बघून घ्या. रॉड पाव-पाव फेऱ्यानेच फिरवा, आणि दर पाव फेऱ्यानंतर गिटार पुन्हा सुरात लावून उंची मोजा. मनगटात किंवा कोपराखाली दुखायला लागलं तर त्या दिवशी गिटार ठेवून द्या.