जेठा एक, मशिनं पाच: नक्कल काढण्याआधी ओळख पुसा

हळदीचा हंगाम भरात आला की सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांत टेबलं वाढतात. एरवी एकटे दिवाणजी सौदा, तोलाई, हमाली आणि पट्टी एका कॉम्प्युटरवर उरकतात. आवक वाढली की त्याच सॉफ्टवेअरवर, त्याच प्रिंटरला जोडून चार-पाच जण बसवावे लागतात. प्रत्येक कॉम्प्युटरवर नव्याने विंडोज, मराठी कीबोर्ड, प्रिंटरचा ड्रायव्हर आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर टाकत बसलं तर एकेकाला अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर, नीट बनवावं आणि त्याच्या नकला काढाव्यात, हे कुणालाही सुचतं.

नक्कल काढणं सोपंच आहे. पण चालू मशीनची फाइल कॉपी करायची, नाव बदलायचं आणि झालं, असं केलं की आठवड्याभरात भानगडी सुरू होतात.

हळद लावणाऱ्यांना जेठा गड्डा, म्हणजे मातृकंद, माहीत असतो. बेण्याचा गड्डा माती आणि मुळ्या काढून, निवडूनच लावायचा असतो. मूळ व्हर्च्युअल मशीनला इथे मी जेठाच म्हणतो, कारण नियम तोच आहे: साफसफाई लावणीआधी. पाच नकला काढून झाल्यावर प्रत्येकीत बसून साफ करायचं म्हटलं तर काम पाचपट होतं आणि एखादी तरी गोष्ट राहतेच.

पहिली मुळी म्हणजे एसआयडी. विंडोज बसवताना प्रत्येक मशीन स्वतःसाठी एक ओळख-क्रमांक बनवतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘हूअ‍ॅमआय /यूजर’ दिलं (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत करायचं) की एस-१-५-२१ ने सुरू होणारी लांबलचक ओळ दिसते. शेवटचा १००१ वगैरे तुकडा त्या खात्याचा, आणि २१ नंतरचे तीन मोठे आकडे मशीनचे. दोन नकलांवर हे तीन आकडे सारखे निघाले, तर तुमच्याकडे दोन मशिनं नसून एकाच मशीनचे दोन तोतये आहेत.

“त्यानं काय बिघडतं? आम्ही वर्षानुवर्षं असंच करतोय,” असं अनेक जण म्हणतात, आणि ते अगदीच चूक नव्हतं. एसआयडी बदलून देणारं न्यूसिड नावाचं आपलं साधन मायक्रोसॉफ्टचे तंत्रज्ञ मार्क रुसिनोविच यांनी २००९ मध्ये स्वतःच बंद केलं. सारख्या एसआयडीने वाटतो तसा धोका नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मायक्रोसॉफ्टचा अधिकृत नियम तेव्हाही सिसप्रेपचाच, म्हणजे नकलेआधी ओळख पुसणारं विंडोजमधलंच साधन वापरण्याचा, होता, पण न पाळता भागायचं. आता भागत नाही. २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेट्सनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्या आणि विंडोज सर्व्हर २०२५ हा क्रमांक तपासतात. दोन मशिनांचा सारखा असला तर ती एकमेकांना ओळख पटवून देत नाहीत. दिसायला हे असं दिसतं: पासवर्ड बरोबर असूनही शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही, पासवर्डची चौकट पुन्हा पुन्हा येते, एका नकलेतून दुसरीवर रिमोट डेस्कटॉप लागत नाही. काल चालणारा शेअर केलेला प्रिंटर आज परवानगी नाही म्हणतो. लोक केबल बदलतात, फायरवॉल बंद करतात, राउटरला शिव्या देतात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदींत ६१६७ क्रमांकाची नोंद शोधा. ती सापडली तर कायमचा इलाज एकच, सिसप्रेप करून नकला नव्याने काढणं.

आता जेठा कसा बनवायचा ते.

आधी यजमान कॉम्प्युटर, म्हणजे ज्यावर ही सगळी मशिनं चालणार तो. विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क लागते. पाच मशिनांना २० जीबी रॅम आणि यजमानाला ८, म्हणजे ३२ जीबी घेतली की थोडी उरते. प्रोसेसर सहा कोअरचा चालतो. प्रत्येक मशीनला दोनच द्या, जास्त दिल्याने वेग वाढत नाही, ओढाताण वाढते. पैसे घालायचे तर एनव्हीएमई एसएसडीत घाला. सकाळी पाचही मशिनं एकदम चालू केली की प्रोसेसर नाही, डिस्क गुदमरते. साध्या हार्ड डिस्कवर हा उद्योग करूच नका. दुकानातले जुने कॉम्प्युटर मग नुसत्या खिडकीसारखे वापरायचे, रिमोट डेस्कटॉपने आपापल्या मशीनमध्ये शिरायला. त्यासाठी व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोजची प्रो आवृत्ती हवी. होममध्ये बाहेरून शिरता येत नाही. प्रोमध्येही एका वेळी एकच माणूस बसतो, म्हणून तर माणशी एक नक्कल.

परवान्याचं इथेच सांगतो. प्रत्येक नकलेला विंडोजचा स्वतंत्र परवाना लागतो, जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यावरचा ओईएम (कॉम्प्युटरसोबतच आलेला) परवाना व्हर्च्युअल मशीनला चालत नाही, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून विंडोजच्या व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये शिरायचा हक्क वेगळा विकत घ्यावा लागतो. हा खर्च आधी मांडा, मगच पाच आकडा ठरवा.

व्हर्च्युअल मशिनं चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रॅममध्ये ७.० पासून टीपीएम (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट दोन्ही मिळतात, त्यामुळे ते मागणारं विंडोज ११ सरळ बसतं. मुख्य प्रोग्रॅम धंद्यासाठीही फुकट आहे, पण एक्स्टेन्शन पॅक नाही. तो फक्त वैयक्तिक आणि शैक्षणिक वापराला मोफत आहे. व्हर्च्युअलबॉक्सचा स्वतःचा रिमोट डिस्प्ले त्या पॅकमध्ये येतो, म्हणून तो सोडून विंडोजचा रिमोट डेस्कटॉपच वापरा.

विंडोज बसल्यावर देश आणि कीबोर्ड विचारणारा पहिला पडदा आला की कंट्रोल-शिफ्ट-एफ३ दाबा. मशीन ऑडिट मोडमध्ये सुरू होतं आणि कुणाचंही खातं न बनवता सगळं बसवता येतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करू नका, पिन ठेवू नका. अपडेट्स पूर्ण करा, आणि मग नेटवर्कचं कार्ड सेटिंगमधूनच तोडा. तोडलं नाही तर स्टोअरमधली अ‍ॅप्स मागच्या मागे अपडेट होत राहतात, आणि सिसप्रेप नेमकं तिथेच अडकतं.

मराठी कीबोर्ड बसवला की काम झालं असं वाटतं, पण तो फक्त चालू खात्याला लागतो. कंट्रोल पॅनेलच्या रीजनमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबवर सेटिंग्ज कॉपी करण्याचं बटण आहे. तिथे वेलकम स्क्रीन आणि नवीन खाती या दोन्हींवर खूण करा. तारखेचा साचा, रुपयाचं चिन्ह, लाख-कोटीचे स्वल्पविराम हेही त्यातूनच पुढे जातं. हे राहिलं तर पट्टीवर महिना आधी आणि दिवस नंतर छापून येतो, आणि ते लक्षात येतं तेव्हा शेतकरी पट्टी घेऊन गेलेला असतो.

जेठ्यात काय घालायचं नाही, ही यादी काय घालायचं यापेक्षा महत्त्वाची. दुरून मशीन चालवायचं एनीडेस्क आधीच बसवलं तर पाचही नकलांचा आयडी एकच येतो, आणि तुम्ही जोडायला गेलात की भलतंच मशीन उघडतं. अँटिव्हायरसचा एकत्र कन्सोल असेल तर तिथेही पाचांच्या जागी एकच नोंद दिसते, घटकेत एक नाव, घटकेत दुसरं. दोन्ही नकलेनंतरच बसवा. टॅलीप्राइमचा प्रोग्रॅम जेठ्यात घाला, पण लायसन्स चालू करू नका. गोल्ड लायसन्स एकाच कायम मशीनवर ठेवायचं आणि बाकीच्यांनी ते नेटवर्कवरून घ्यायचं. नेहमीचा पोर्ट ९९९९, फायरवॉलमध्ये तेवढा उघडा. जुन्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचं यूएसबी लॉक किंवा जीएसटीच्या डिजिटल सहीचा टोकन एका वेळी एकाच मशीनला पकडता येतो. त्याच्या नकला निघत नाहीत, तेव्हा ते काम कुठल्या टेबलावर होणार हे आधीच ठरवा.

हे सगळं झालं की मशीन बंद करून स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जपलेली अवस्था, घ्या, नाव ‘सिसप्रेपपूर्वी’. हा चुकवू नका. सिसप्रेप अर्ध्यात बिघडलं किंवा पुढच्या वर्षी एखादी गोष्ट बदलायची झाली, तर परतायची वाट हीच आहे.

मग सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरात सिसप्रेप आहे, ते चालवा. वरच्या चौकटीत आउट-ऑफ-बॉक्स एक्स्पिरियन्स, जनरलाइजवर खूण, खाली शटडाउन. जनरलाइजची खूण मुळातून लागलेली नसते, आणि सगळी साफसफाई त्या एका चौकोनात आहे. रीस्टार्ट निवडू नका. मशीन पुन्हा चालू झालं की ते नवी ओळख घेऊन बसतं आणि केलेलं काम वाया जातं.

पहिल्या फटक्यात सिसप्रेप बऱ्याचदा नाही म्हणतं. त्याच फोल्डरातल्या पँथरमध्ये सेटअपअ‍ॅक्ट नावाची लॉग फाइल असते, तिच्या शेवटच्या ओळी वाचा. एखादं अ‍ॅप एका खात्यासाठी बसलंय पण सर्वांसाठी नाही, अशी तक्रार असेल तर अ‍ॅपचं नाव तिथेच लिहिलेलं असतं. पॉवरशेलमधून ते काढा आणि पुन्हा चालवा. दुसरी नेहमीची अडचण बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी सोय. तुम्ही चालू केलेला नसला तरी विंडोज ११ डिस्कचं एन्क्रिप्शन आपणहून तयार ठेवतं. ते बंद करा आणि डिस्क पूर्ण मोकळी होईपर्यंत थांबा. टक्केवारी शून्यावर आल्याशिवाय सिसप्रेप पुढे जात नाही.

मशीन बंद झालं की जेठा तयार. आता नक्कल: उजवी क्लिक, क्लोन. मॅक अ‍ॅड्रेसच्या पर्यायात सर्व नेटवर्क कार्डांसाठी नवे पत्ते निवडा (मॅक म्हणजे कार्डाची नेटवर्कवरची ओळख). आधीच निवडलेला असतो तो पर्याय नॅट जोडणीच्या (ती पुढे येते) कार्डाचा पत्ता तसाच ठेवतो. हार्डवेअर यूयूआयडी (मशीनचा आणखी एक ओळख-क्रमांक) जपून ठेवण्याची खूण लावू नका.

पूर्ण नक्कल की जोडलेली नक्कल? पूर्ण नक्कल म्हणजे स्वतंत्र डिस्क. जेठा ४० जीबीचा असेल तर पाचांना २०० जीबी. जोडलेली नक्कल फक्त बदल साठवते, सेकंदात निघते, सुरुवातीला जागा जवळपास घेत नाही. पण ती जेठ्यावर उभी असते. जेठा हलवला किंवा पुसला तर सगळ्या आडव्या, आणि प्रत्येक नक्कल विंडोजचे अपडेट स्वतंत्र घेत फुगत जाते ते वेगळंच. तीन महिन्यांच्या हंगामाला जोडलेली चालेल. वर्षभर राहणारं टेबल असेल तर पूर्णच काढा.

फोल्डरमधून डिस्कची फाइल हाताने कॉपी करणारे थेट ‘या यूयूआयडीची डिस्क आधीच आहे’ या चुकीवर आपटतात. व्हीबॉक्समॅनेजच्या सेटएचडीयूयूआयडी या अंतर्गत कमांडने ती सुटते, पण क्लोनचं बटण असताना तिकडे जाण्याचं कारण नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायचं असेल तर पूर्ण नक्कल नेटवर्कवरून न्या. ४० जीबीला गिगाबिटवर साधारण सहा-सात मिनिटं लागतात. तास लागत असेल तर जोडणी १०० एमबीपीएसवर चाललीय. बहुतेक वेळा केबलच्या आठपैकी चारच तारा जोडलेल्या सापडतात. पेनड्राइव्हने नेताना तो एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल घेणार नाही, एक्सफॅट करून घ्या.

मघाशी तोडलेलं नेटवर्कचं कार्ड नकलेत पुन्हा जोडा आणि ब्रिज्ड ठेवा, म्हणजे मशीन दुकानाच्या नेटवर्कवर थेट दिसतं. नॅटवर ठेवलं तर पाचही मशिनं १०.०.२.१५ हा एकच पत्ता दाखवतात आणि नक्कल फसली असं वाटून माणूस घाबरतो. तसं नसतं, नॅटमध्ये प्रत्येक मशीन आपल्या वेगळ्या कप्प्यात असतं. पण त्या कप्प्यात बाहेरून रिमोट डेस्कटॉप सहज पोचत नाही, म्हणून ब्रिज्ड. आणि यजमानाला वायर लावा. वायफायवर ब्रिज नीट चालत नाही, कारण एका वायफाय कार्डामागून अनेक मॅक पत्ते राउटरला सहसा पटत नाहीत.

पहिल्यांदा एकेकच नक्कल चालू करा. नाव पंधरा अक्षरांच्या आत आणि टेबलाच्या क्रमाने द्या, यार्ड०१, यार्ड०२. राउटरमध्ये त्या मॅक पत्त्याला आयपी बांधून टाका. मग एसआयडीचे ते तीन आकडे पाचही ठिकाणी पाहून कागदावर लिहा. दोन मिनिटांचं काम आहे.

काम नुसतं ब्राउझरवर चालत असेल तर विंडोजऐवजी उबंटू लिनक्सच्या नकला काढा, परवान्याची कटकट नाही. तिथल्या मुळ्या वेगळ्या. ईटीसी फोल्डरातली मशीन-आयडी फाइल रिकामी करा, पुसू नका. ती सारखी राहिली तर मॅक पत्ता वेगळा असूनही राउटर दोघांना एकच आयपी देतो, कारण उबंटू सर्व्हर आपली ओळख त्या फाइलवरून सांगतो. एसएसएचच्या (दुरून जोडणीच्या) होस्ट कीज पुसून प्रत्येक नकलेत नव्या बनवा. होस्टनेम, म्हणजे मशीनचं नाव, बदला. झालं.

जेठ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर एक्स्पोर्ट करून ठेवा. एक्स्पोर्टमध्ये स्नॅपशॉट जात नाहीत, त्यामुळे ‘सिसप्रेपपूर्वी’ची अवस्था वेगळी एक्स्पोर्ट करावी लागते. ती डिस्क यजमानाच्याच टेबलाखाली नको. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि शहरातले कितीतरी तळमजले बुडाले. हळदीचा हंगाम पावसाआधी आटोपतो, डिस्क मात्र जुलैतही तिथेच पडलेली असते. माडीवर ठेवा.

हंगाम संपल्यावर नकला पुसताना ‘सर्व फाइल्ससह’ पुसा, नाहीतर यादीतून नाव जातं आणि डिस्कवरची जागा अडूनच राहते. पुढच्या वर्षी ‘सिसप्रेपपूर्वी’वर परत जा, वर्षभराचे अपडेट घ्या, नवा स्नॅपशॉट, मग सिसप्रेप. आणि जेठा चालतोय का ते बघायचं असेल तर त्याची एक नक्कल काढून ती चालू करा, जेठा नको.