सात किलोत काय काय

परवा रद्दीवाल्याच्या काट्यावर माझी सॅक ठेवली. नऊ किलो चारशे. "ताई, पेपर असते तर बरे पैसे आले असते," तो म्हणाला.

कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास संपला. आता ओंकारेश्वरहून पायी नर्मदा परिक्रमेला निघायचं. शास्त्राप्रमाणे तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. माझा अंदाज सहा महिन्यांचा. जाऊन आलेले सगळे बजावतात, सात किलोच्या वर ओझं नको. आणि इथे जो भेटतो तो काहीतरी हातात ठेवतो. नी-कॅप, टॉर्च, दुसरा टॉर्च, आवळा सुपारी. ऑफिसातल्यांनी तर चक्क फोटोफ्रेम दिली, काचेची!

घरमालकीण काकूंनी फक्त हिशोब दिला. "या महिन्याचं अर्धंच भाडं घेते. किल्ली मात्र आठवणीने दे." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सगळ्या रडतायत आणि तू नर्मदेतला गोटा. तिकडे जायची गरजच काय?"

खरंय. मला निरोप जमत नाहीत. जेवायला बोलावतात, मी जेवून येते.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. संकल्प सोडला की मैया कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही. दक्षिण तटाने थेट समुद्रापर्यंत जायचं, तिथे नावेतून उत्तर तटाला. आणि मी? अकरा वर्षं नारायण पेठेत खोली, नोकरी कर्वे रोडला. लकडी पुलावरून रोज दोनदा तरी जाणं-येणं. मुठेकडे कधी मान वळवून पाहिलं असेल तर खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर, भिडे पूल बुडाला का ते बघायला. काकूंचं तसं नाही. १२ जुलै १९६१ला, पानशेत फुटलं तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. अजूनही पुलावर आल्या की आधी पाण्याकडे बघतात, मग ट्रॅफिककडे.

काल संसार वाटला. तुळस काकूंकडे, सायकल ऑफिसातल्या मुलाला, कुकर कोथरूडच्या मैत्रिणीला. तिच्याकडे पिठलं-भात झाला. दारात ती रडली, मी तिच्या पाठीवर थोपटलं आणि रिक्षाने परत आले. खोलीवर जॅकेट काढलं तर खिशात कुकरची शिट्टी. हरवू नये म्हणून मीच काढून ठेवली होती.

रात्री दहाला पुन्हा लकडी पूल. या वेळी रिक्षा नाही, चालतच, तेवढीच प्रॅक्टिस. पुलाच्या मधोमध थांबले. खाली पाणी थोडंसंच, काळं, वास येणारं. तरी पाच-दहा मिनिटं उभी राहिले.

तिच्या बिल्डिंगखालून फोन केला. "वर येऊ नकोस," ती म्हणाली, "मी परत रडेन." दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून तिने दोरीला पिशवी बांधून खाली सोडली. मी शिट्टी टाकायला हात घातला तर आत डबा होता. दिवाळीतल्या उरलेल्या चकल्या.

"अगं, वजन!" मी खालून ओरडले.

"मग इथेच खा."

फूटपाथवर बसून सगळ्या खाल्ल्या. मग शिट्टी रिकाम्या डब्यात घालून दोरी हलवली.